खर्जाचं वजन

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लोक गायकाकडे बघतात, ढोलकीवाल्याच्या बोटांकडे बघतात, ऑक्टोपॅडवाल्याच्या काड्यांकडे बघतात. मागच्या बाजूला लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार गळ्यात घालून एक जण उभा असतो. तो काय वाजवतोय हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही. पण तो थांबला की गाणं पोकळ वाटतं आणि ताल धरलेले पाय थबकतात. राहुलदेव बर्मन यांची गाणी पाठ असणारे लोक आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्याकडे बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ मात्र किती जणांना ठाऊक आहेत?

माझा धाकटा भाऊ हे वाद्य वाजवतो. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम आणि भीमगीतं, मग लग्नसराई, पावसाळ्यात दोन महिने हात रिकामे, पुढे गणपती, नवरात्र आणि अधूनमधून उरुसात कव्वालीच्या पार्टीला साथ. मिरज, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूर हा त्याचा पट्टा. अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत त्याने जे वाजवलं त्याची नोंद कुठे नाही, पण जे उचललं त्याची नोंद त्याच्या कमरेच्या एमआरआयमध्ये आहे.

त्याचं सामान असं होतं : साडेचार किलोची भरीव लाकडाची गिटार, तिची तेवढ्याच वजनाची पेटी, अँप्लिफायर आणि पंधरा इंची स्पीकरचा कॅबिनेट. शेवटचे दोन मिळून अडतीस किलो. टेम्पोवाला रस्त्यावर सोडतो. तिथून स्टेजपर्यंत, आणि स्टेजवर चढायला कधी लाकडी फळी, कधी तीही नाही. हॉल तिसऱ्या मजल्यावर असला तर लिफ्ट वऱ्हाडासाठी, वाजवणाऱ्यांसाठी जिना. मग चार तास एका खांद्यावर साडेचार किलो लटकवून उभं राहायचं आणि रात्री दोनला हे सगळं पुन्हा खाली आणायचं.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकल्याचं सांगितलं आणि दहा किलोच्या वर काही उचलायचं नाही असं बजावलं. तो घरी आला आणि म्हणाला, "भाई, एका मोबाइलच्या दुकानात माणूस पाहिजे आहे. बसून काम आहे."

मी म्हटलं, "सामान हलकं करून बघू ना आधी."

"हलका डबा म्हणजे हलका आवाज. बेसचं तसं नसतं, भाई. आवाज वजनातूनच येतो."

आम्ही घरात दखनीत बोलतो, त्यामुळे हे वाक्य त्याने जास्त ठसक्यात म्हटलं होतं. हा त्याचा एकट्याचा समज नाही. वाजवणाऱ्यांच्या जगात जड गिटार, जड अँप म्हणजे भारदस्त आवाज ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. मी वाजवणारा नाही. मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, अलिफ आणि अनुस्वार यांच्यात दिवस जातो. पण छापलेलं बारकाईनं वाचणं हा माझा धंदा आहे. म्हणून दुकानांची माहितीपत्रकं, वजनं, वॅट, ओहम असं सगळं घेऊन मी बसलो.

पहिलीच गोष्ट अशी सापडली की बेस गिटार जन्मली तीच ओझं कमी करण्याच्या खटपटीतून. त्याआधी खर्ज वाजवायला माणसापेक्षा उंच, उभा ठेवून वाजवायचा डबल बेस असायचा. तो बसमध्ये मावत नसे आणि वाजंत्री जरा मोठी झाली की ऐकूही येत नसे. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. गळ्यात अडकवायचा, विजेवर चालणारा, स्वर नेमका लागावा म्हणून पडदे असलेला. 'प्रिसिजन' हे नाव त्या पडद्यांमुळेच. तारेची लांबी ३४ इंच ठेवली. तेच माप आजही सर्वमान्य आहे.

म्हणजे खांद्यावरचं ओझं कमी झालं, पण ते गेलं कुठे? अँप्लिफायरमध्ये. मैदानातल्या कार्यक्रमांना मोठा आवाज हवा झाला. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा एसव्हीटी आला. ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह, आणि नुसत्या वरच्या पेटीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. तिच्याखाली दहा इंची आठ स्पीकरचा कॅबिनेट, तो आजच्या रूपातही साठ किलोच्या वर भरतो. त्या आवाजावर एक पिढी वाढली आणि आवाज व वजन यांची गाठ डोक्यात पक्की बसली.

हे वजन नेमकं कशाचं असतं, हे समजलं की अर्धी भीती जाते. तीन गोष्टी जड असतात. पहिली, विजेचा ट्रान्सफॉर्मर. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. इतक्या संथ विजेसाठी लोखंडाचा मोठा गाभा लागतो. मोबाइलच्या चार्जरमध्ये असते ती नवी पद्धत हीच वीज आधी सरळ करून मग सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. वेग वाढला की गाभा लहान होतो. लोखंडाचा ठोकळा जाऊन मुठीएवढा भाग उरतो. त्याला जोडून आलेल्या 'क्लास डी' अँपमध्ये ट्रान्झिस्टर दिव्याच्या बटणासारखे एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात. त्यामुळे वीज उष्णता होऊन फार वाया जात नाही आणि थंड ठेवायला लागणारे जाड अॅल्युमिनियमचे पंखे लागत नाहीत. म्हणून शेकडो वॅटचं अँप आज दोन-अडीच किलोत मिळतं.

दुसरी जड गोष्ट स्पीकरचं चुंबक. १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिकेत निओडिमियमची चुंबकं तयार झाली. जुन्या फेराइट चुंबकापेक्षा ती कितीतरी लहान असूनही तेवढीच ताकद देतात. किंमत मात्र जास्त. तिसरी गोष्ट खोक्याचं लाकूड. चिपबोर्डऐवजी हलका प्लायवूड आणि आतून आडवे आधार दिले की खोकं हलकं होऊनही थरथरत नाही.

एका ठिकाणी मात्र निसर्ग सवलत देत नाही. ध्वनीच्या अभ्यासकांमध्ये 'हॉफमनचा पोलादी नियम' म्हणून एक गोष्ट सांगतात. खोकं लहान, आवाज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. लहान खोक्यातून खोल आवाज हवा तर जास्त वॅट ओतावे लागतात. पूर्वी जास्त वॅट म्हणजे जास्त लोखंड, म्हणून तो मार्ग बंद होता. आता वॅट हलके झाले, म्हणून तो उघडला. नियम तोच आहे, फक्त किंमत कशात मोजायची ते बदललं.

हे सगळं मी भावाला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागदावर ठीक आहे."

मग मी त्याला आमच्याच गावातली गोष्ट सांगितली. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरे बनतात. मूळचे हे शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि पाजळणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेबांच्या पिढीपासून ते वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तो तंबोरा कशाचा असतो? वाळलेल्या भोपळ्याचा. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, आतून कोरलेले, पातळ सालीचे. माणसाच्या उंचीला भिडणारं ते वाद्य एका हाताने उचलता येतं. आणि त्याचा खर्ज? खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, ज्या दर्ग्याच्या उरुसात आजही गवई हजेरी लावतात, त्या गावच्या माणसाला मी तो काय सांगू!

त्या खर्जाची एक गंमत आहे. पुरुषाच्या काळी एक पट्टीत तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. पण आपण ऐकतो ती नुसती ६९ नव्हे. जवारीवर घासून निघणारी तिची दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनं ऐकतो आणि त्यावरून कान मूळ खर्ज स्वतःच भरून घेतो. फोनवर याचा अनुभव रोज येतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० कंपनांच्या खालचं काही जातच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण त्याच्या निम्म्याहूनही खाली असतो, तरी अब्बांचा फोन आला तर अब्बांचाच आवाज ऐकू येई. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ कंपनांची. स्टेजवरच्या छोट्या डब्याने ती ४१ कंपनं छातीवर आदळवलीच पाहिजेत असं नाही. वरची कंपनं स्वच्छ दिली तर वाजवणाऱ्याच्या कानाला स्वर कळतो. छातीवर आदळण्याचं काम मांडवातल्या साऊंडवाल्याच्या मोठ्या सबवूफरचं. अँपच्या मागून एक वायर त्याच्या मिक्सरला गेली की झालं.

इथे तो पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "चल, बघून तर येऊ."

गिटार निवडताना आम्ही बरोबर एक हुकाचा काटा नेला होता. अम्मी-अब्बा उमराहला गेले तेव्हा बॅगा मोजायला घेतलेला. दुकानदार हसला, पण काट्याने काम चोख केलं. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत आम्हाला सातशे ग्रॅमचा फरक मिळाला. लाकूड झाडाचं असतं, कारखान्याचं नसतं. त्यामुळे माहितीपत्रकावरचं वजन हा अंदाज समजावा आणि जी घरी न्यायची तीच मोजून घ्यावी.

हलक्या गिटारीची एक खोडही कळली. धड हलकं आणि दांडी जड असेल तर हात सोडताच दांडी खाली झुकते. मग डावा हात रात्रभर तिला तोलून धरतो. कमरेचं दुखणं वाचवायला जावं आणि खांद्याचं लागावं. परीक्षा सोपी आहे : पट्टा लावून उभं राहायचं, दोन्ही हात सोडायचे. आडवी राहिली तर घ्या, झुकली तर परत ठेवा. काही गिटारींना त्यासाठी हलक्या खुंट्या लावलेल्या असतात. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास आणलेल्या बेसला तर डोकंच नव्हतं, खुंट्या खालच्या टोकाला. ती कल्पना आज पुष्कळ कंपन्या वापरतात. फक्त तिला कोणत्या तारा लागतात ते विचारून घ्यावं. काहींना दोन्ही टोकांना गुंडी असलेल्या खास तारा लागतात, आणि गणपतीच्या सातव्या दिवशी तार तुटली तर त्या आमच्या भागात मिळणार नाहीत.

तिसरा मार्ग आखूड दांडीचा, ३० इंची. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. आतून पोकळ, त्यामुळे अगदी हलका. भावाने तशी एक वाजवून बघितली. आवाज गोल, मऊ, गझलेला शोभेल असा. पण अठरा वर्षं ३४ इंचावर फिरलेली बोटं प्रत्येक स्वर पुढे जाऊन पकडत होती. लहान हातांच्या, नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मात्र ती उत्तम. शेवटी त्याने ३४ इंचीच, हलक्या लाकडाची, ३ किलो ४०० ग्रॅमची घेतली. सोबत चार बोटं रुंद पट्टा. पेटीऐवजी पाठीवरची जाड गादीची बॅग.

अँपचा हिशोब जास्त वेळ चालला. वॅटचा आकडा फसवा असतो. १०० चे २०० वॅट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम कळेल इतका वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. शिवाय आकडा कोणत्या अटीवर दिला आहे तेही वाचावं. फेंडरचं रंबल ५०० नाव ५०० चं सांगतं, पण त्याच्या आतल्या स्पीकरवर ३५० वॅटच मिळतात. बाहेरून दुसरा कॅबिनेट जोडला की ५००. लपवलेलं काही नाही, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दहा इंची दोन स्पीकर असूनही ते साडेसोळा किलोच्या आसपास आहे. त्याचंच धाकटं भावंड, बारा इंची एका स्पीकरचं रंबल १००, सुमारे दहा किलोचं. साऊंडवाला चांगला असेल तर हॉलमधल्या कार्यक्रमाला तेवढं पुरतं.

आमच्या मांडवांचे प्रश्न मात्र परदेशी माहितीपत्रकात नसतात. जनरेटरवर व्होल्टेज वरखाली होतं. काही नव्या अँपना १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, काहींना नाही. हे मागच्या पट्टीवर छापलेलं असतं, ते बघून घ्यावं. अर्थिंग नसेल तर गुणगुण येते आणि तारेला हात लावला की झटकाही बसतो. तिथे अँप महाग की स्वस्त याने फरक पडत नाही, वायरमनला बोलवावं. आणि एक खरी उणीव : जुना अँप बंद पडला की भावाचा ओळखीचा मिस्त्री संध्याकाळपर्यंत डाग देऊन चालू करायचा. नव्यात बारीक सुटे भाग एकाच पाटीवर बसवलेले असतात, पुष्कळदा अख्खी पाटीच बदलावी लागते. म्हणून दुरुस्ती कुठे होते, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे दुकानात पैसे देण्याआधी विचारायचं.

या सगळ्यातून त्याने दोन वेगळे तुकडे घेतले. दोन किलोचा अँप, जो गिटारच्या बॅगेच्या खिशात जातो, आणि साडेनऊ किलोचा बारा इंची कॅबिनेट. दहा किलोच्या वर एकही वस्तू नाही. साऊंडवाला भरवशाचा असेल त्या दिवशी कॅबिनेट घरीच. पैशांचा काही भाग जुनं सामान विकून आला. ते एका सभागृहाने घेतलं, तिथे ते एका जागी राहील. काही मी घातले. उरलेले अब्बांनी दिले. ज्या अब्बांना धाकट्याने स्टेजवर वाजवणं कधी पटलं नाही, त्यांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "पाठ सांभाळ."

पहिल्या कार्यक्रमाला पार्टीचे मालक नाराज झाले. "एवढासा डबा? स्टेज भरलेलं दिसलं पाहिजे." त्यांची बाजू मला कळते. यजमान पैसे मोजताना स्टेजकडे बघतो. आणि कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवू शकतो, त्यामुळे कपात करायची झाली की पहिलं नाव बेसवाल्याचंच निघतं. भाऊ काही बोलला नाही. त्याने कॅबिनेट खुर्चीवर ठेवला, कानाच्या उंचीला. जमिनीवरून उचलल्यावर थोडी घुमी कमी होते, पण प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. तिसऱ्या गाण्यानंतर ढोलकीवाल्याने वळून त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. मालकांनी पुढची तारीख दिली. भावाला विचाराल तर तो अजूनही म्हणतो, जुन्या पंधरा इंचीचा पँटला लागणारा वारा याच्यात नाही. ते खरंच आहे. तो वारा कमरेसह येत होता.

त्याची गादी जागेवर गेलेली नाही, जाणारही नाही म्हणतात. मुंग्या कमी आहेत. मोबाइलच्या दुकानात दुसरा माणूस लागला.

उर्दूच्या तासाला मी मुलांना वजन शिकवतो. शेर वजनात आहे म्हणजे तो जड आहे असं नव्हे. लांब-आखूड मात्रा ठरल्या जागी पडल्या की शेर वजनात येतो, मग तो दोन साध्या शब्दांचा का असेना. एक मात्रा चुकली की मोठमोठे अरबी-फारसी शब्द घातले तरी तो बेवजनच. पूर्वी या धड्याला मी फक्त उदाहरणादाखल शेर द्यायचो. आता बेस गिटारचंही सांगतो, आणि मागच्या बाकावरची मुलं एकदम सरळ बसतात.

त्यातल्या एखाद्याला उद्या हे वाद्य घ्यायचं झालं तर माझा सल्ला लहान आहे. दुकानात आवाज ऐकायला अर्धा तास घ्या, हरकत नाही. पण पैसे देण्याआधी ती गिटार पाठीला, अँप हातात, आणि दुकानाचा जिना एकदा वरपर्यंत चढून या. वर पोचल्यावर वाजवावंसं वाटलं, तरच घ्या.